अंगणातला कलमी सोनचाफा : नवी पानं पिवळी, कळ्या गळतायत

मृण्मयी_पुणे (८ जून)

नमस्कार मंडळी. पुण्याच्या पश्चिमेला नव्या वसाहतीत आमचं रो-हाउस आहे. पुढे अंगण म्हणावं असा बारा बाय पंधरा फुटांचा तुकडा आहे. तिथे एकच झाड लावायचं तर ते सोनचाफ्याचं, हे घर घेतानाच ठरलं होतं. सासूबाईंना देवाला रोज चाफ्याचं एक तरी फूल हवं असतं. गेल्या पावसाळ्यात कलम आणून लावलं. दिवाळीपर्यंत मस्त होतं, फुलंही आली. मार्चपासून मात्र काहीतरी बिनसलंय.

नवी येणारी पानं फिकट पिवळी आहेत, नुसत्या शिरा हिरव्या. खालची जुनी पानं त्या मानानं बरी आहेत. कळ्या धरतात, पण काही काळ्या पडून गळतात. शिवाय झाडाखाली रोज तपकिरी, लव असलेल्या टोप्या पडलेल्या दिसतात, त्याही कळ्याच असाव्यात असं वाटतं. पाणी बोअरचं. शेणखत, गांडूळखत, १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाशचं खत) सगळं देऊन झालं. रोपवाटिकेत विचारलं तर "अजून खत घाला" एवढंच उत्तर मिळालं. ऊन सकाळी आठ ते दुपारी दोनपर्यंत व्यवस्थित येतं.

कुणाला असा अनुभव आहे का? हे झाड मला कसंही करून वाचवायचंय.

निसर्गवेडा (८ जून)

एप्सम सॉल्ट द्या. चमचाभर लिटरभर पाण्यात, दर पंधरवड्याला. माझ्या गुलाबांना फार उपयोग झाला.

परसबाग_सांगली (८ जून)

फोटो टाका ना ताई. पानाचा जवळून, खोडाचा बुंध्यापासून हातभर उंचीपर्यंत आणि मातीचा.

आणि तपकिरी टोप्यांची काळजी करू नका, त्या कळ्या नाहीत. सोनचाफ्याची प्रत्येक कळी, फुलाची असो वा पानाची, लवदार आवरणात गुंडाळलेली असते. आतलं फुगलं की ते आवरण सुटून पडतं. पानाच्या कळीचं आवरण पडलं की फांदीवर तिथे बारीक गोल कडं उमटतं. फांदी हातात घेऊन बघा, पेरापेराला अशी कडी दिसतील. या सगळ्या कुळातच तसं असतं. टोपी बोटांत दाबून बघायची : पोकळ असली तर नुसतं आवरण, आत गच्च पिवळट गाभा लागला तर कळी गळली.

मृण्मयी_पुणे (९ जून)

किती बरं वाटलं! आत्ता जाऊन बघितलं, बहुतेक सगळ्या पोकळ आहेत. गाभा असलेल्या मोजक्याच. म्हणजे कळ्या गळण्याचं प्रमाण मी समजत होते तेवढं नाही. पण पानांचं काय? फोटो टाकलेत.

तांबडीमाती (९ जून)

फोटो बघितले. निसर्गवेडा, तुमच्या सल्ल्यामागचा हेतू चांगला आहे, पण इथे एप्सम सॉल्टनं काम होणार नाही. एप्सममध्ये मॅग्नेशियम असतं. मॅग्नेशियम कमी पडलं तर झाड ते जुन्या पानांतून काढून नव्याला देतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी पडतात. इथे उलट आहे : वरची कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या, खालची बरी. ही लोहाच्या कमतरतेची खूण आहे. लोह झाडाला जुन्या पानातून नव्यात हलवता येत नाही, त्यामुळे फटका कोवळ्या पानांना बसतो.

आता गंमत अशी की मातीत लोह नसतंच असं नाही. आपल्याकडच्या मातीत ते भरपूर असतं. पण माती चुनखडीची, विम्लधर्मी (म्हणजे आम्लधर्मीच्या उलट) असेल तर ते मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. सोनचाफा हे मुळात सह्याद्रीच्या सदाहरित रानातलं झाड. भरपूर पाऊस, पालापाचोळ्याची किंचित आम्लधर्मी माती, पाण्याचा उत्तम निचरा, ही त्याची घरची परिस्थिती.

मृण्मयी, दोन प्रश्न. अंगणातली माती मूळची आहे की भराव? आणि बोअरचं पाणी सांडून वाळलं की फरशीवर पांढरे, म्हणजे पाण्यातल्या चुन्याचे, डाग राहतात का?

मृण्मयी_पुणे (९ जून)

डाग तर विचारू नका, बाथरूमचे नळ पांढरे झालेत. माती बिल्डरनं भरून दिलेली आहे. वरचा फूटभर थर काळ्या मातीचा, त्याखाली काय आहे ते माहीत नाही.

तांबडीमाती (९ जून)

बुंध्यापासून दोन-अडीच फूट लांब, एका बाजूला हातभर खोल खड्डा घ्या. मुळांना धक्का लागू देऊ नका, या झाडाची मुळं मांसल असतात आणि तुटली की लवकर भरून येत नाहीत. वरची मूठभर, खालची मूठभर अशी माती वेगवेगळी वाळवा आणि दोन्हींवर स्वयंपाकघरातलं व्हिनेगर ओता. फसफसली तर मातीत चुना आहे. प्रयोगशाळेत माती देणं केव्हाही चांगलंच, पण हे पाच मिनिटांत कळतं.

मृण्मयी_पुणे (११ जून)

खड्डा घेतला. वीतभर माती आणि खाली विटांचे तुकडे, प्लास्टरचे पापुद्रे, वाळू, सिमेंटचे गोळे! बांधकामाचा सगळा राडारोडा अंगणात पुरून वर माती पसरलेली आहे. वरच्या मातीवर व्हिनेगर टाकल्यावर थोडे बुडबुडे आले. खालची तर अक्षरशः सोड्यासारखी उसळली.

परसबाग_सांगली (११ जून)

हे नव्या वसाहतींमध्ये सर्रास दिसतं. घर घेताना लोक टाइल्स ठोकून बघतात, अंगण कुणी उकरून बघत नाही. माझ्या मते ताबा घेतानाच एका कोपऱ्यात पहार मारून बघायला हवी आणि राडारोडा निघाला तर बिल्डरकडून तो उपसून घ्यायला हवा. नंतर कुणी दाद देत नाही.

नागपूरकरीण (११ जून)

माझंही असंच पिवळं पडलं होतं, पण आमच्याकडे मे महिन्यातलं ऊन हेही कारण असतं. पारा ४५च्या वर गेला की पानांच्या कडा करपतात, कोवळी कळी जागच्या जागी वाळते. एप्रिल लागला की मी पश्चिमेच्या बाजूला हिरवी जाळी बांधते आणि बुंध्याभोवती चार बोटं जाड वाळक्या पानांचा थर देते, फक्त खोडाला चिकटू देत नाही. मृण्मयीच्या काळ्या पडणाऱ्या कळ्या उन्हाळ्यातल्याच असतील तर त्या पाण्याच्या ओढीनं गेल्या असाव्यात. एक दिवस भसाभस पाणी आणि मग चार दिवस कोरडं, हे चाफ्याला अजिबात सोसत नाही.

केळीचं_बन (१२ जून)

एक वेगळी शंका. आमच्या शेजारच्या काकू म्हणतात चाफ्याच्या वासानं साप येतात, दारात लावू नये. खरं आहे का? मलाही लावायचाय, पण घरात लहान मूल आहे.

परसबाग_सांगली (१२ जून)

नाही. साप फुलांच्या वासाला येत नाहीत. उंदीर, बेडूक, पाली यांच्या मागे येतात आणि लपायला जागा मिळाली तर राहतात. विटांचे ढीग, लाकडाचे ओंडके, फरशांच्या फटी, अडगळ या सापाच्या जागा. अंगण झाडून स्वच्छ ठेवा आणि चाफा निर्धास्त लावा.

वसईकर_बागायतदार (१२ जून)

धागा आज वाचला. आमच्या घरची सोनचाफ्याची वाडी आहे. वसई-विरार पट्ट्यात मोगऱ्याच्या बरोबरीनं सोनचाफा होतो आणि पहाटे लोकलनं दादरच्या फूलबाजारात जातो, हे बऱ्याच जणांना माहीत असेल.

मृण्मयीताई, खोडाचा फोटो मोठा करून बघितला. जमिनीपासून वीतभर वर जिथे खोड जरा फुगलंय, तो कलमाचा जोड. त्यावर अजून प्लास्टिकची पट्टी आहे. ती आधी काढा. कलम जुळेपर्यंत पट्टीचं काम असतं. खोड जाड व्हायला लागलं की तीच पट्टी गळफास होते, रस वर जायला अडतो. धारदार ब्लेडनं जोडाच्या मागच्या बाजूनं उभी चीर द्या आणि हळूच सोलून घ्या. ओढू नका, साल निघून येईल.

दुसरं, जोडाच्या खालून एक हिरवागार, सरळसोट फुटवा वर गेलाय. तो खुंटाचा, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याचा आहे. खुंट बियांपासून केलेल्या चाफ्याचाच असतो, म्हणून पानांवरून ओळखू येत नाही. कुठून निघालाय एवढंच बघायचं. तो झाडाची सगळी ताकद खातो आणि त्याला फुलं यायला वर्षानुवर्षं लागतात. बुडापासून काढून टाका. पुढेही जोडाखाली काही फुटलं की कोवळं असतानाच नखानं खुडायचं.

सह्याद्रीपुत्र (१२ जून)

वसईकर काका, कलमाचंच का लावायचं? आमच्या गावच्या घरी, सावंतवाडीजवळ, आजोबांनी बी लावून केलेला सोनचाफा आहे. कौलांच्या कितीतरी वर गेलाय. घमघमाट पार रस्त्यापर्यंत येतो.

वसईकर_बागायतदार (१२ जून)

असं झाड दारात असणं भाग्याचंच. पण बियांचा चाफा फुलायला आठ-दहा वर्षं घेतो आणि रानात तो शंभर फुटांपर्यंत जातो. फुलं इतकी वर लागतात की काढायला माणूस चढवावा लागतो. बारा बाय पंधराच्या अंगणात तो मावणार नाही. कलमाला फुलाच्या वयात आलेल्या झाडाची काडी वापरलेली असते, त्यामुळे ते वर्ष-दोन वर्षांत फुलतं आणि छाटणी करत राहिलं तर आठ-दहा फुटांत राहतं. आमच्या वाडीतली झाडं हात वर केला की शेंडा लागेल एवढीच ठेवतो, नाहीतर पहाटे अंधारात फुलं काढणार कशी?

बी लावायचंच असेल तर ताजं लावा. फळांचे घोस तडकून आतून लाल-नारिंगी गर असलेली बी दिसायला लागली की बुलबुल, मैना तुटून पडतात. त्यांच्या आधी गाठावं लागतं. गर चोळून धुऊन टाका आणि लगेच पेरा, ठेवलेलं बी रुजत नाही. उगवायला महिना-दीड महिना किंवा जास्तही लागतो, तोवर माती सुकू द्यायची नाही.

तांबडीमाती (१३ जून)

वसईकर काकांनी पट्टीचं अचूक पकडलं, माझ्या नजरेतून ते सुटलं होतं.

आता मातीबद्दल. मृण्मयी, पाऊस पडला की आपोआप सुधारेल असं कुणी सांगितलं तर थांबू नका. चुनखडीच्या मातीत पाणी साचलं की लोहाची अडचण उलट वाढते. झाड अजून लहान आहे, हीच उपसण्याची वेळ.

झाड उपटायचं नाही. बुंध्याभोवती दीड-दोन फुटांचा गोळा तसाच ठेवून त्याच्या बाहेरून चर खणायचा, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. पण एकदम चहूबाजूंनी नको. या पावसाळ्यात अर्धा, पुढच्या पावसाळ्यात उरलेला. निघालेला राडारोडा अंगणाबाहेर घालवायचा. चरात लाल माती, कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत भरायचं. तळाला दगडगोट्यांचा थर घालून उपयोग नाही, त्यापेक्षा अंगणाचा उतार असा करा की पाणी झाडाशी थांबणार नाही.

कुणी गंधक घाला म्हणेल. थोडा चुना असेल तर गंधकानं हळूहळू फरक पडतो, पण प्लास्टरचे गोळे पडलेल्या जमिनीत ते समुद्रात मूठभर साखर टाकण्यासारखं आहे.

तोवर झाडाला लोह द्यायचं. इथे नीट लक्ष द्या, कारण कृषी केंद्रात चिलेटेड फेरस (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह) मागितलं की बहुतेक वेळा ईडीटीएवालं पाकीट हातात पडतं. पिवळसर भुकटी असते. ती मातीत घातली तर विम्लधर्मी जमिनीत टिकत नाही. तिची पानांवर फवारणी करायची, लिटरला एक ग्रॅम, संध्याकाळी. मातीत घालायचं असेल तर ईडीडीएचए लिहिलेलं पाकीट मागा. ते काळपट लाल असतं आणि पाण्यात टाकलं की पाणी गडद लाल होतं. महाग आहे, पण चुनखडीच्या मातीत तेच काम करतं. पाकिटावर लिहिलेल्या मात्रेनं, ओल्या मातीत, संध्याकाळी द्या, उन्हात ते खराब होतं. १९:१९:१९ तूर्त बंद. झाडाची भूक ती नाहीये, आणि त्यातल्या जास्तीच्या स्फुरदामुळे (फॉस्फरस) लोह अजून अडतं.

पिवळी झालेली पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही. पुढची पालवी कशी येते ते बघा.

निसर्गवेडा (१३ जून)

तांबडीमाती, जुन्या-नव्या पानांचा फरक फार छान समजावलात. आता माझ्या लिंबाकडे याच नजरेनं बघतो.

जर्सीतली_माई (१४ जून)

मी न्यू जर्सीत कुंडीत चाफा वाढवते. इथे थंडीत बर्फ पडतो आणि हे झाड गोठणं सहन करत नाही, म्हणून ऑक्टोबरपासून कुंडी घरात, दक्षिणेच्या खिडकीपाशी. फुलं उन्हाळ्यातच आणि थोडी येतात. पण पहिलं फूल उमलतं तेव्हा ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत फोन जातो. माझ्याकडेही नळाचं पाणी जड आहे, म्हणून पावसाचं पाणी पिंपात साठवून तेच घालते. पुण्यात पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी किती मिळेल! मृण्मयी, एक पिंप लावून टाक गं.

मृण्मयी_पुणे (१४ जून)

माई, पिंपाची कल्पना एकदम पटली. पट्टी काढली, खालचा फुटवाही काढला. पट्टीखाली खोडाला खरंच खोल वळ पडला होता.

केळीचं_बन (१५ जून)

माझ्याकडे तर जमीनच नाही, गच्ची आहे. कुंडीत होईल का? की सरळ देवचाफा लावू?

परसबाग_सांगली (१५ जून)

देवचाफा कुंडीत बिनबोभाट होतो, पाण्याकडे थोडं दुर्लक्ष झालं तरी चालतं. पण त्याचा चीक लागला तर त्वचेची आणि डोळ्यांची आग होते. घरात लहान मूल आहे म्हणता, तर कुंडी त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

सोनचाफाही होतो, पण काळजी जास्त घ्यावी लागते. कमीत कमी दीड-दोन फूट रुंद आणि तेवढीच खोल कुंडी किंवा अर्धं कापलेलं पिंप, बुडाला भरपूर भोकं. लाल माती, शेणखत, कोकोपीट किंवा कुजलेला पाला. लहान कुंडीतून मोठीत हलवताना मातीचा गोळा फोडू नका. उन्हाळ्यात गच्चीच्या फरशीची धग कुंडीला लागते, खाली विटा ठेवा.

आणि पानांच्या मागे बघत राहा. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड दोन्ही येतात. मुंग्यांची रांग खोडावर दिसली की समजा कीड वर आहे, कारण मुंग्या तिचा गोड चिकटा गोळा करायला येतात. त्याच चिकट्यावर मग काळी बुरशी चढते. सुरुवातीला ओल्या फडक्यानं पुसून काढा, वाढलं तर लिटरला पाच मिली कडुलिंबाचं तेल, थोडा पातळ साबण, ऊन उतरल्यावर फवारणी. दोन-तीन वेळा करावी लागते.

नागपूरकरीण (१५ जून)

+१. विटा ठेवण्याचं तर मी प्रत्येकाला सांगत असते.

मृण्मयी_पुणे (२७ ऑगस्ट)

बातमी द्यायला आले! जूनच्या शेवटी अंगणाचा रस्त्याकडचा अर्धा भाग उपसला. टेम्पोभर राडारोडा निघाला. लाल माती आणि खत भरलं, ईडीडीएचए मातीतून दिलं, तोवर ईडीटीएची फवारणी चालू होती. जुलैच्या मध्यापासूनची पालवी हिरवीगार आहे. आधीची पिवळी पानं तशीच, काही गळली. उपसलेल्या बाजूच्या फांद्या दुसऱ्या बाजूपेक्षा स्पष्टपणे जोमदार आहेत. नवा फोटो टाकलाय, फरक तुम्हालाच दिसेल.

आणि कळ्या! पानांच्या बेचक्यांत रांगेनं धरल्यात. सासूबाई रोज उठून आधी झाडाकडे जातात. आता प्रश्न असा की फूल कधी आणि कसं काढायचं? आम्ही पूर्ण उमलल्यावर काढतो, तर दुपारपर्यंत पाकळ्या तपकिरी होतात. आणि छाटणी आत्ता करू का?

वसईकर_बागायतदार (२७ ऑगस्ट)

वाचून फार आनंद झाला ताई.

फूल पूर्ण उमलायची वाट बघायची नाही. पाकळ्यांचा हिरवेपणा जाऊन पिवळा रंग चढला आणि टोकं नुसती सैल झाली की पहाटे काढायचं. पूजेच्या वेळेपर्यंत ते घरात उमलतं. काढताना ओढायचं नाही. देठ दोन बोटांत धरून नखानं खुडायचा, कारण पाठची कळी अगदी शेजारी असते आणि हिसडा बसला तर तीही जाते. पाकळ्यांना हात कमीत कमी लावा. जिथे दाबलं जातं तिथे डाग पडतो. काढलेली फुलं वाटीभर पाण्यात देठ बुडवून ठेवा.

छाटणी आत्ता नको. फुलं नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत येतात, म्हणून छाटायचं ते बहर ओसरल्यावर. तेव्हाही जाड फांदी कापू नका, या झाडाच्या मोठ्या जखमा सावकाश भरतात. शेंड्याकडचा हात-दीड हात कोवळा भाग तेवढा घ्या, म्हणजे खालून तीन-चार फांद्या फुटतील आणि झाड पसरट राहील. पहिल्या दोन वर्षांत हा आकार दिला की पुढे कुऱ्हाड-करवतीची वेळ येत नाही. थंडीत फुलं कमी होतील, घाबरून खत वाढवू नका.

तांबडीमाती (२८ ऑगस्ट)

फोटो बघून समाधान वाटलं. दुसरी बाजू पुढच्या जूनमध्ये, विसरू नका. आणि बोअरचं पाणी चालू राहणार असेल तर ईडीडीएचए वर्षातून एक-दोनदा लागेल. ते माती सुधारल्यावरही पूर्ण सुटेल असं मानू नका.

सह्याद्रीपुत्र (२८ ऑगस्ट)

आमच्या गावच्या झाडाला यंदा घोस धरलेत. तडकले की बी काढून लगेच पाठवू शकतो. कुणाकडे मोठी जागा असेल, शेताचा बांध, शाळेचं मैदान, देवळाचं आवार, तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बी फार दिवस टिकत नाही, त्यामुळे पेरायची तयारी आधी करून ठेवा.